आमसुली रंगाची बरणी

धुऊन, निळीतून काढून उन्हात टाकलेला सदरा पांढराशुभ्र दिसतो. अंगातलं रक्त कमी झालेल्या बाईचा चेहरा पांढराफटक पडतो. शब्दातला पांढरा दोन्हीकडे एकच, पण पहिला ऐकून बरं वाटतं आणि दुसरा ऐकून पोटात गोळा येतो. केस काळेभोर, रात्र काळीकुट्ट, म्हैस काळीकुळकुळीत, देवाची मूर्ती काळीशार. नातीच्या केसांना कुणी काळेकुट्ट म्हटलं तर आजी तिथल्या तिथे सांगते, "काळेभोर म्हणावं." व्याकरणाचं पुस्तक तिनं कधी उघडलेलं नसतं, पण कुठला काळा कुणाचा हे तिला पक्कं ठाऊक असतं.

शेत हिरवंगार, चुडा हिरवाकंच. ओठ लालचुटूक, कुंकू लालभडक आणि रागानं चेहरा लालबुंद. गायीचं दूध पिवळसर असतं, ती त्याची खूणच आहे. तेच दूध 'पिवळट' म्हटलं की घेणाऱ्याचा हात आखडतो. नीट न शिजलेल्या पालेभाजीला हिरवट वास येतो, म्हणजे इथे रंगाचा शब्द डोळे सोडून नाकापर्यंत पोचला. हे सगळं आपण दिवसभर बोलत असतो आणि मग सहज म्हणून जातो की मराठीत शेड्सना शब्दच नाहीत.

हे वाक्य मी शिक्षकांकडून ऐकलंय, जाहिराती लिहिणाऱ्यांकडून ऐकलंय, चांगलं मराठी वाचणाऱ्या मित्रांकडूनही ऐकलंय. याच्या उलट टोकालाही लोक आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून त्यांचा उत्साह वाढलाय, ते रंगांच्या नावांची लांबलचक यादी वाचून दाखवतात आणि मराठी किती श्रीमंत आहे ते सांगतात. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. यादीतला शब्द तोंडपाठ असून भागत नाही. तो म्हटल्यावर कापडाच्या ढिगातून नेमका तागा ओढता आला पाहिजे. तेवढं जमणारी माणसं आज आपल्यात आहेत, आणि ती आहेत तोवर मराठीचा एक रंगकोश व्हायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

गेल्या मार्गशीर्षात आईबरोबर एका मॅचिंग सेंटरमध्ये गेले होते. आईनं पिशवीतून साडी काढली, काठ काउंटरवर पसरला आणि म्हणाली, "यावर आमसुली दाखव गं." काउंटरवरची मुलगी विशीतली, चटपटीत. तिनं विचारलं, "काकू, वाइन म्हणताय की मरून?" आईला वाइन कळेना, तिला आमसुली कळेना. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मागे गादीवर बसलेले मालक उठले, साडीचा काठ हातात धरून उंबऱ्याबाहेर उजेडात गेले, कारण ट्यूबलाइटखाली असले रंग फसवतात. परत आले आणि फळीवरच्या शंभरेक ताग्यांतून एक ओढून आईपुढे टाकला. "हा घ्या वहिनी, आमसुली. वाइनमध्ये निळ्याची झाक असते, यात मातीची आहे."

त्या मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. गिरणीतून येणाऱ्या ताग्यांवरच्या चिठ्ठ्या इंग्रजी नावांच्या असतात, तिनं दुकानात तेच पाहिलेलं. तिच्या हाताला तागा ओळखता येतो, मालकांच्याही येतो. फक्त दोघांच्या मधला शब्द गळून पडला होता.

रंगांच्या नावांवर जगभर बरंच संशोधन झालंय. त्यात सगळ्यांत जास्त नाव घेतलं जातं ते ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अमेरिकी अभ्यासकांचं. १९६९ साली त्यांनी अठ्ठ्याण्णव भाषांची माहिती पुढे ठेवली. त्यातल्या वीस भाषांच्या लोकांसमोर तर तीनशेहून जास्त रंगीत तुकड्यांचा तक्ता मांडून प्रत्यक्ष विचारलं होतं. त्यांचा निष्कर्ष असा की भाषांमध्ये रंगांची मूळ नावं एका ठरावीक क्रमानं येतात. आधी काळा-पांढरा, मग तांबडा, मग हिरवा आणि पिवळा, त्यानंतर निळा, तपकिरी आणि सगळ्यांत शेवटी जांभळा, गुलाबी, नारिंगी, राखाडी. अशी जास्तीत जास्त अकरा नावं. पुढे या सिद्धान्तात दुरुस्त्या झाल्या, पण सगळ्या माणसांचे डोळे सारखेच आहेत ही त्यातली मूळ गोष्ट टिकली. ती महत्त्वाचीच आहे. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात समुद्र मद्याच्या रंगाचा आहे, यावरून पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टन यांनी १८५८ साली प्राचीन ग्रीकांची रंगांची जाणच अपुरी होती असं सुचवलं होतं. तो समज अजून लोकांमध्ये फिरतो आणि तो चुकीचा आहे. जपानमध्ये सिग्नलच्या हिरव्या दिव्याला आजही 'आओ', म्हणजे निळ्यासाठीचाच शब्द वापरतात आणि गाड्या अगदी व्यवस्थित चालतात.

तरीही त्या तक्त्याबद्दल माझी एक तक्रार आहे. मूळ नाव कोणतं मानायचं याची त्यांची चाळणी अशी होती की एखाद्याच वस्तूला लागणारा शब्द नको आणि फळाफुलावरून उघडपणे घेतलेलं नाव शक्यतो नको. मराठी या चाळणीतून काढली तर ढोबळ नावं तेवढी वर राहतील. पण काळाभोर खाली गळेल, कारण तो केसांना-डोळ्यांना लागतो. आमसुली, अंजिरी, डाळिंबी गळतील, कारण ती फळं आहेत. पांढराफटक तर कुठेच बसणार नाही, कारण तक्त्यावरचा तुकडा कुणाचाच नसतो. तो ना घाबरतो, ना आजारी पडतो.

या तक्रारीतला मुद्दा माझ्या आधी, बर्लिन आणि के यांच्याही आधी, एका जाणत्या माणसानं मांडून ठेवला आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ हॅरल्ड कॉन्क्लिन यांनी १९५५ साली फिलिपीन्समधल्या मिंडोरो बेटावरच्या हानुनो लोकांच्या रंगशब्दांवर लिहिलं. त्यांच्याकडे ढोबळ शब्द चारच, पण त्या चारांत ओलं आणि सुकं हा भेदही भरलेला. नुकत्याच तोडलेल्या बांबूचा चकचकीत, ओला तुकडा आपल्याला तपकिरी दिसतो, तरी हानुनो माणूस त्याला हिरव्यासाठीचाच शब्द वापरतो, कारण तो ताजा आहे. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये. आपला 'हिरवट' जवळपास तेच काम करतो.

भाषेमुळे रंग दिसण्यात काहीच फरक पडत नाही का? थोडा पडतो. रशियनमध्ये गडद निळा 'सीनी' आणि फिकट निळा 'गलुबोय' हे दोन वेगळे रंग आहेत, जसे आपल्याकडे लाल आणि गुलाबी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं की या दोन शब्दांच्या सीमेच्या अल्याडपल्याडच्या छटा रशियन बोलणारे जरा लवकर वेगळ्या काढतात. फरक सेकंदाच्या छोट्याशा भागाचा होता आणि मनात दुसरे शब्द घोळवायला लावले की तोही जात होता. म्हणजे शब्द डोळ्यांना नवे रंग देत नाहीत, नजरेला जरा घाई करायला लावतात. एवढ्यावर समाधान मानावं.

खरी गंमत मला रंगशब्दांच्या पोटात काय साठलंय त्यात वाटते. 'तपकिरी' घ्या. तो तपकिरीच्या डबीतून आला, नाकात ओढायच्या तंबाखूच्या पुडीतून. तंबाखू आपल्याकडे आला पोर्तुगीजांच्या गलबतांतून. तेव्हा त्याआधीच्या मराठी माणसाला तपकिरी रंग या नावानं माहीत असणं शक्यच नाही. खारका, हरणं, वाळलेली पानं त्याच्यापुढे होतीच. त्यांच्यासाठी पिंगट, भुरा, तांबूस असे शब्द होते. नवी पूड आली, घराघरांत डब्या झाल्या आणि तिचा रंग सगळ्यांना दाखवता येण्याजोगा झाला, म्हणून नाव रुजलं. आज डबी गेली, नाव राहिलं. चौथीतल्या मुलाला तपकिरी खडू लगेच सापडतो, तपकीर म्हणजे काय ते मात्र सांगता येत नाही.

लाल आणि तांबडा यांची कथा याहून जुनी. तांबडा तांब्याकडून आलेला, घरचा. लाल फारसीतून आलेला, माणकाचं नाव. दोन्ही एकाच रंगाचे, तरी मराठीनं कामं वाटून दिली. पहाटे तांबडं फुटतं, लाल फुटत नाही. पुण्यातली जोगेश्वरी तांबडी. कोल्हापुरात ताटात वाटी येते ती तांबड्या रश्श्याची, शेजारी पांढरा. सिग्नलचा दिवा मात्र लाल, झेंडा लाल, एसटी लाल. जिथे माती, स्वयंपाक, देव आणि पहाट आहे तिथे जुना शब्द टिकला. रस्त्यावर आणि कचेरीत नवा बसला. असंच भगवा आणि केशरी यांचं. वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका भगवी, राष्ट्रध्वजाचा वरचा पट्टा केशरी. छटा मोजल्या तर अंतर थोडं निघेल, माणसांच्या मनात ते फार मोठं आहे.

गावाची जमीनसुद्धा आपण रंगानं वाटली. पिकवायची ती काळी, वस्तीची ती पांढरी.

मग हे शब्द जातात कसे? माझं उत्तर असं की भाषेच्या आधी हात जातात. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोरानं १८५६ साली लंडनमध्ये कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीनं कारखान्यातली नीळ बाजारात आणली. थोड्याच वर्षांत हिंदुस्थानातली निळीची शेती झोपली. आपल्याकडे नीळ रंगवणारी निराळ्यांची जातच होती. पिंपात कापड कितव्यांदा बुडवलं की कोणता निळा चढतो हे त्यांना हातानं कळायचं. पिंप गेलं, आणि प्रत्येक बुडीला स्वतःचं नाव असण्याचं कारणही गेलं.

कुसुंबीचं मला जास्त वाईट वाटतं, कारण तिचं झाड अजून आपल्या शेतात उभं आहे. कुसुंबी रंग करडईच्या फुलांचा. मराठवाड्यात करडई आजही तेलासाठी पेरतात. तिच्या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात उतरतो, तो धुऊन टाकायचा. पाकळ्या पुन्हा खाराच्या पाण्यात चोळल्या की आत दडलेला तांबडा सुटतो, आणि त्यात लिंबासारखं काही आंबट घातलं की तो कापडाला धरतो. काटेरी पिवळ्या फुलातून असा तांबडा निघतो, हे जिनं पहिल्यांदा पाहिलं असेल तिला त्याला वेगळं नाव द्यावंसं वाटणारच. आज करडईच्या बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला 'कुसुंबी' हा शब्द बहुधा एखाद्या जुन्या गाण्यापुरता माहीत असतो. पायाशी रंग आहे, तोंडात नाव आहे, मधली कृती तेवढी गेली.

जिथे हात शाबूत आहेत तिथे मात्र भाषा ठणठणीत आहे. सांगोल्याकडच्या बैलबाजारात जाऊन पाहा. खिल्लार म्हणजे पांढरा बैल, असं आपण शहरातली माणसं म्हणू. तिथे कोसा वेगळा, काजळी वेगळा. मानेवर, वशिंडावर काजळाची झाक किती आणि कुठवर, यावर बोलणी होतात. लातूरकडच्या देवणी जातीत तोंडाच्या बाजू काळ्या असलेला वानेरा आणि अंगभर काळे ठिपके असलेला शेवेरा. या शब्दांवर व्यवहार होतो, म्हणून ते घासूनपुसून लख्ख राहिलेत. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण माणसांच्या संगतीवर वापरतो, पण तिच्यातला 'वाण' म्हणजे रंगच. ढवळा पांढरा, पवळा पोवळ्यासारखा तांबूस. म्हण करणाऱ्यानं आधी गोठा नीट पाहिला होता.

इथे कुणी विचारेल, इंग्रजी शब्द आले तर बिघडलं काय? काहीच नाही. गुलाबी, बदामी, अस्मानी, खाकी, किरमिजी हे सगळे बाहेरूनच आले आणि आपले झाले. चॉकलेटी आपलाच आहे, त्याला तर आपण मराठी प्रत्ययसुद्धा लावला. मरूनबद्दलही माझं भांडण नाही. भांडण आहे ते डाळिंबी, अंजिरी, किरमिजी आणि आमसुली हे चारही एका मरूनच्या पोटात जातात तेव्हा. मग कुणी म्हणेल, इंग्रजीत मरूनखेरीज वाइन आहे, बर्गंडी आहे, भेद तर राहतोच. राहतो, मान्य. पण बर्गंडी हा फ्रान्समधला प्रांत. तिथल्या मद्याचा रंग सांगलीच्या किंवा सावंतवाडीच्या मुलीनं कुठे पाहावा? चिठ्ठीवर जे लिहिलंय ते तिनं मान्य करायचं. आमसुलीवरून वाद झाला तर स्वयंपाकघरात जाऊन बरणी उघडता येते. ओलं आमसूल कसं दिसतं, वर्षभर मुरलेलं कसं, ते साडीला लावून पाहता येतं. नावाचा खरेखोटेपणा आपला आपल्याला तपासता येणं, ही मला भाषेतली मोठी मोकळीक वाटते.

लोकांना हे शब्द नकोत असंही नाही. नवरात्रातल्या नऊ रंगांची प्रथा एका मराठी वृत्तपत्रानं रुजवली आणि ती लोकलच्या डब्यांपासून बँकांच्या काउंटरांपर्यंत पोचली. त्या यादीत मोरपंखी असतो. मोरपंखीच्या दिवशी आमच्या कचेरीत निळ्याकडे झुकणाऱ्यांपासून पार हिरव्याकडे झुकणाऱ्यांपर्यंत सगळ्या साड्या एकत्र दिसतात आणि जेवणाच्या सुट्टीत कुणाचा खरा यावर चर्चा रंगते. मला ती चर्चा फार आवडते. मोराच्या पिसात ते सगळे रंग असतातच. एका शब्दात एवढं मावतं, हे त्या दिवशी पन्नास बायका अंगावर वागवून दाखवतात.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. मराठीत छटांचे सर्वांत बारीक भेद कुठे केलेत हे प्रामाणिकपणे पाहिलं तर माणसाच्या कातडीपाशी थांबावं लागतं. गोरापान, गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा. लग्नाच्या जाहिरातींनी ही शिडी पायरीपायरीनं वापरली. विठ्ठलाला सावळा म्हणताना ज्यांचा गळा भरून येतो त्यांच्याच घरात 'मुलगी सावळी आहे का हो' हे आवाज खाली करून विचारलं जातं. भाषा तिथेच बारीक होते जिथे समाजाचं लक्ष असतं, आणि ते लक्ष नेहमी चांगल्या कारणानं असतं असं नाही. म्हणून नुसत्या शब्दसंख्येचा अभिमान मला बाळगता येत नाही. रंगकोशात हेही शब्द यायला हवेत. ते कुणी, कुणाबद्दल आणि कशासाठी वापरले तेही त्यांच्यापुढे नोंदवायला हवं.

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. त्या कामापुढे आपण सगळ्यांनी नम्र व्हावं. पण काळ्या शाईत छापलेल्या पानावर रंग दाखवता येत नाही. तो शब्दांनीच सांगावा लागतो, आणि अबोली रंग म्हणजे अबोलीच्या फुलासारखा, यापुढे कोशकार जाणार कुठे? आज ती अडचण राहिलेली नाही. नावापुढे कापडाचा तुकडा लावता येतो, दिवसाच्या उजेडात त्याची छटा यंत्रानं मोजून आकड्यांत ठेवता येते, सांगणाऱ्याचा आवाज साठवता येतो. तो कुठल्या तालुक्यातला आणि त्याचा धंदा काय, हे लिहिता येतं. येवल्याच्या विणकराला चंद्रकळा, राघू, शिरोदक म्हणजे कोणती पैठणी हे विचारावं, बैलबाजारात कोसा विचारावा, गवंड्याला विटकरी आणि मूर्तिकाराला शेंदरी. जोडशब्दांचं वेगळं दालन हवं, भोर कुणाला, कुट्ट कुणाला, कंच कुणाला. भाषा संचालनालय किंवा राज्य मराठी विकास संस्था यांपैकी कुणीही हे अंगावर घ्यावं. पैशांपेक्षा यात पायपीट जास्त आहे, आणि भाषाशास्त्राची, वस्त्रकलेची मुलं महाविद्यालयांतून आहेतच.

फक्त एक मोह टाळावा लागेल. परिभाषा कोश करताना आपल्याला एका संज्ञेला एकच अर्थ ठरवायची सवय लागली आहे आणि तिथे ती योग्यही आहे. इथे ती घातक ठरेल. मोरपंखीची अधिकृत छटा कुणी ठरवून दिली की त्या पन्नास साड्यांतल्या एकोणपन्नास चुकीच्या ठरतील.

मॅचिंग सेंटरच्या मालकांना मी हे सगळं सांगितलं. ते लगेच काही बोलले नाहीत. आठवडाभरानं आई फॉल-पिकोची साडी आणायला गेली तेव्हा त्यांनी निरोप दिला, दुपारी गिऱ्हाईक नसतं, या. मी वही घेऊन गेले, आई बरोबर होतीच. ते ताग्याच्या टोकाचा बोटभर तुकडा कापून देत, नाव सांगत, मी चिकटवून खाली लिहीत होते. काउंटरवरची ती मुलगी फळीवरून तागे काढून देत होती आणि प्रत्येक नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहत होती. आमसुली, अंजिरी, शेवाळी, पारवा भराभर झाले. चिंतामणीपाशी गाडी अडली. त्यांनी दिलेला तुकडा आईनं उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "नाही हो, चिंतामणी यापेक्षा जांभळ्याकडे जातो. माझ्या सासूबाईंची साडी होती." ते म्हणाले, "वहिनी, वडिलांच्या वेळेपासून याच ताग्याला चिंतामणी म्हणतोय." दोघंही हटेनात. मुलीनं फळीवरून आई म्हणत होती तसा दुसरा तागा शोधून काढला, त्याचाही तुकडा कापला, आणि मी दोन्ही एकाच नावाखाली शेजारी शेजारी चिकटवले. एकाखाली लिहिलं दुकान, दुसऱ्याखाली आजीची साडी.